आरोपीचीच साक्ष?

परवा वसतिगृहातल्या माझ्या मित्राचे बँकेचे अ‍ॅप उघडेना. त्याने जुन्या फोनचे बूटलोडर खोलून दुसरीच प्रणाली चढवली होती. “फोन माझा, पैसे माझे, बँकेच्या पोटात का दुखावे?” असे तो तणतणत होता. मला तरी यात बँकेची चूक दिसत नाही.

फोन सुरू होताना प्रत्येक टप्पा पुढच्याची सही तपासतो. ही साखळी तुटली, की आत कोण बसले आहे ते कळत नाही. गंमत अशी, की पुष्कळ अ‍ॅप्स फोनलाच विचारतात, “बाबा रे, तू शुद्ध आहेस ना?” बिघडवलेली प्रणाली ‘हो’च म्हणणार! २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून फोनमधला सुरक्षित भाग बूटच्या स्थितीचे सही केलेले प्रमाणपत्र देऊ शकतो. ते बँकेच्या सर्व्हरने तपासावे. अशा सहीच्या किल्ल्याही फुटल्या आहेत. तेव्हा रद्द किल्ल्यांची यादीही पाहावी.

माझी तक्रार वेगळीच आहे. स्वतःची किल्ली बसवून पुन्हा कुलूप लावलेला फोन सुरू होताना पिवळी सूचना देतो, सताड उघडा फोन नारिंगी. दोघांनाही दारातूनच हाकलणे म्हणजे सगळे घोडे बारा टक्के!

मित्राचा फोन मात्र नारिंगीच निघाला. खानावळीचे पैसे त्याने शेवटी रोख दिले. तेही माझ्याकडून उसने घेऊन.