सभागृहाची किल्ली आणि मुलांचे विज्ञान

दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला येतो, याची आपल्याला आता इतकी सवय झाली आहे की त्याचे कौतुकही उरकल्यासारखे होते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांच्या विभागाचा निकाल २०२४ साली ९९.०१ टक्के लागला, तर २०२५ साली ९८.८२ टक्के. या यशामागे शिक्षकांचे श्रम, पालकांची काटकसर आणि मुलांची जागरणे आहेत. त्यांचे मोल मला कमी करावयाचे नाही. परंतु या यशाच्या आड एक मोठी उणीव झाकली गेली आहे आणि ती उघड बोलून दाखविणे मला अगत्याचे वाटते.

ओहमचा नियम तोंडपाठ म्हणणाऱ्या मुलाने कित्येकदा तांब्याच्या तारेला हातही लावलेला नसतो. जलचक्राची सुबक आकृती काढणाऱ्या मुलीला आपल्याच विहिरीचे पाणी गेल्या मे महिन्यात किती हात खाली गेले होते, हे सांगता येत नाही. विज्ञान प्रदर्शनातील ज्वालामुखी बहुधा बाजारातून विकत आणलेला असतो, नाही तर वडिलांनी रात्री जागून तयार केलेला असतो. बक्षीस मात्र मुलाला मिळते! ज्याने प्रश्न विचारला नाही, मोजले नाही, ज्याचे काही चुकले नाही आणि ज्याने ते पुन्हा करून पाहिले नाही, त्याने विज्ञानाचे पुस्तक वाचले एवढेच म्हणता येईल. तो विज्ञान शिकला असे म्हणता येणार नाही.

यावर पहिले उत्तर ठरलेले असते : “फादर, हे शाळेचे काम आहे.” वाचकहो, शाळेने ते करावेच, पण शाळेच्या हातात काय उरले आहे? पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका, भरलेला वर्ग आणि संपवावयाचा अभ्यासक्रम! १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात सोळा शाळांतून मुलांनी प्रयोग करून विज्ञान शिकण्याचा उपक्रम सुरू झाला. पुढे तो सुमारे एक हजार शाळांपर्यंत पोहोचला. तेथे परीक्षेला पुस्तक उघडून बसण्याची मुभा होती, कारण पाठांतर तपासावयाचेच नव्हते. तीस वर्षे चाललेला तो उपक्रम २००२ साली शासनाच्या एका निर्णयाने बंद झाला. जे केवळ सरकारी आदेशावर उभे असते ते आदेशाने कोसळते, हा त्यातला धडा आहे. जे समाजाने स्वतःच्या अंगणात उभे केले, ते बंद करण्यासाठी समाजालाच आधी निजावे लागते.

दुसरे उत्तर पैशाचे : “प्रयोगशाळा कोठून आणणार?” याच होशंगाबादच्या उपक्रमात १९७८ साली पुण्याच्या टेल्को कारखान्यातून एक वर्षाची रजा घेऊन अरविंद गुप्ता नावाचे अभियंता दाखल झाले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी एवढ्याच साहित्यातून त्यांनी भूमिती मुलांच्या हातात दिली. काड्यांचा चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण मात्र कलंडत नाही. हे बोटांना एकदा कळले की आपल्या कौलारू छपराची कैची त्रिकोणी का, हे त्या मुलाला कुणी सांगावे लागत नाही. पुढे याच गुप्तांनी पुण्याच्या आयुकातील ‘मुक्तांगण विज्ञान शोधिके’त अनेक वर्षे हेच काम केले. त्या शोधिकेची इमारत पु. ल. देशपांडे कुटुंबाच्या देणगीतून उभी राहिली आणि तिचे नाव ‘पुलस्त्य’ आहे. ज्या समाजाच्या साहित्यिकाला मुलांच्या विज्ञानासाठी दान द्यावेसे वाटले, त्या समाजातील आपण आगपेट्या आणि रबरी नळ्या विकत घेण्यास असमर्थ आहोत काय?

तिसरे उत्तर सर्वांत घातक आहे : “हा पोरखेळ आहे, याचे गुण मिळत नाहीत.” २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन होतो. १९२८ साली त्या दिवशी चंद्रशेखर वेंकट रामन यांना लागलेल्या शोधाची ती आठवण. शाळोशाळी भाषणे होतात. पण तो शोध कोठे लागला, हे क्वचितच सांगितले जाते. १८७६ साली कोलकात्यातील डॉ. महेंद्रलाल सरकार या वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या गृहस्थांनी लोकवर्गणीतून विज्ञानासाठी एक संस्था उभारली. सेंट झेवियर्स कॉलेजमधील येशूसंघीय धर्मगुरू फादर लाफाँ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. सामान्य नागरिकांपुढे प्रयोग करून दाखवीत त्यांनी वर्षानुवर्षे व्याख्याने दिली. १९०७ साली हिशेब खात्यात नोकरीला आलेला तरुण रामन कचेरीच्या आधी आणि नंतर त्याच संस्थेत येऊन प्रयोग करू लागला. पुढील शोध तेथेच लागला. एक डॉक्टर, एक धर्मगुरू आणि वर्गणी देणारे नागरिक यांनी दार उघडे ठेवले होते, म्हणून रामन आत येऊ शकला.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या रत्नागिरीच्या सड्यांवरील कातळशिल्पे पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारणाऱ्यांच्या पायांखाली होती. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी सुट्टीच्या दिवशी सडे तुडवीत, गावोगाव माणसांना विचारीत फिरले आणि नोंदी करीत गेले. २०२२ साली कोकणातील कातळशिल्पांचे युनेस्कोच्या संभाव्य यादीत नाव लागले. पायांना डोळे असले की काय होते, ते यावरून दिसते.

मग आपण काय करावे? मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आणि आसपास कामाला जाणारी माणसे आठवा. फिटर, वेल्डर, वायरमन, पंप दुरुस्त करणारा, रुग्णालयातील परिचारिका, मासेमारी करणारा. एवढे ज्ञान रविवारी चर्चमध्ये शेजारी शेजारी बसते आणि मिस्सा संपताच घरोघर पांगते. पुणे जिल्ह्यातील पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली ‘विज्ञान आश्रम’ उभा केला तो याच विश्वासाने, की काम करता करता माणूस शिकतो आणि कामातून सुटलेल्या शाळेला काही तरी महत्त्वाचे गमवावे लागते.

आपल्या धर्मग्रामाचे सभागृह लग्न, सणाची सभा आणि हौजी एवढे सोडले तर कुलूपबंद असते. महिन्यातील दोन शनिवारी दुपारी ते उघडावे. घरातील विजेच्या तारांना हात न लावता फक्त बॅटरीच्या सेलवर प्रयोग व्हावेत. मुलींना चहा करावयास न पाठविता पक्कड त्यांच्याही हातात द्यावी. आणि दार साऱ्या वाडीच्या मुलांना मोकळे असावे. विज्ञानाला बाप्तिस्म्याचा दाखला लागत नाही.

पहिले काम पावसाचे घ्यावे. सरळ बाजूंची एक बाटली आणि पट्टी, एवढेच पर्जन्यमापक. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पन्नास चौरस मीटरच्या छपरावर आपल्याकडील तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे दीड लाख लिटर. हा गुणाकार मुलाने स्वतः मोजलेल्या आकड्यांवरून केला की तो घरी येऊन विचारील, “बाबा, एवढे पाणी गेले कोठे? मे महिन्यात वाडीत टँकर का येतो?” त्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी दर रविवारी दोरीला दगड बांधून विहिरीची पातळी मोजावी. जांभ्या दगडात पाणी किती झपाट्याने मुरते आणि झिरपून जाते, हे त्या वहीतून दिसेल. किनाऱ्यावरच्या आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या धर्मग्रामांनी आपापल्या वह्या एकमेकांना पाठवाव्यात. आकडे जुळणार नाहीत आणि ते का जुळत नाहीत, या प्रश्नापाशी खरा अभ्यास सुरू होईल. मार्गदर्शन हवे असल्यास १९६६ पासून मराठीतून विज्ञान सांगणाऱ्या मराठी विज्ञान परिषदेच्या जवळच्या शाखेला पत्र लिहावे.

यात खर्च वर्गणीतील चिल्लरीचा आहे. लागणार आहे तो मोठ्यांचा वेळ, आणि नेमका तोच द्यावयास आपण कचरतो. शिकवणीची फी भरणे सोपे असते, मुलाशेजारी जमिनीवर बसून “मलाही ठाऊक नाही, चल, मोजून पाहू” असे म्हणणे कठीण असते. परंतु टक्केवारीच्या शिखरावर बसलेल्या या जिल्ह्यातील मुले तहानलेल्या वाडीचा एकही प्रश्न सोडवू शकली नाहीत, तर त्या शिखराचा उपयोग काय?

पावसाळा काही आपल्या बैठकांची वाट पाहणार नाही. येत्या रविवारी धर्मग्राम परिषदेला एकच प्रश्न विचारा : सभागृहाची किल्ली कुणाकडे आहे आणि ती मुलांना कोणत्या शनिवारी मिळणार?