जनरेटर विहाराच्या आत नको

वर्षावास सुरू झाला की आपल्या वस्त्यांमधली विहारे संध्याकाळी भरू लागतात. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने ग्रंथवाचन चालते. दिवसभर कामाला गेलेल्या आयाबाया सात-आठ वाजता पांढरे पातळ नेसून, लेकरांना घेऊन येतात. दिवस पावसाचे असतात आणि नेमकी वाचनाच्या वेळी वीज जाते. मग वर्गणी काढून घेतलेला दोरी ओढायचा छोटा पेट्रोलचा जनरेटर बाहेर काढला जातो. ‘बाहेर काढला’ म्हणायचे, पण ठेवला जातो आतच. जिन्याखाली, मागच्या खोलीत, नाहीतर दाराच्या उंबऱ्यालगत. पाऊस लागू नये, चोरी होऊ नये, आवाजाने शेजाऱ्यांची तक्रार येऊ नये म्हणून.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : जनरेटर आत ठेवण्यापेक्षा त्या दिवशी वाचन मेणबत्तीवर करावे किंवा उद्यावर ढकलावे. हे टोकाचे वाटेल. आम्हालाही एका प्रसंगापूर्वी तसेच वाटले असते.

एका वस्तीत आम्ही महिलांच्या हिमोग्लोबिन तपासणीसाठी गेलो होतो. वाचन संपल्यावर तपासणी करायची होती. मध्येच वीज गेली. बाहेर पाऊस, त्यामुळे खिडक्या लावलेल्या आणि जनरेटर जिन्याखाली सुरू. अर्ध्या-पाऊण तासात पुढे बसलेल्या एक आजी डोके धरून बसल्या. एका शाळकरी मुलीला मळमळू लागले. सहा महिन्यांची गरोदर असलेली एक ताई भिंतीला टेकली आणि चक्कर येते म्हणाली. कुणी म्हणाले, पौर्णिमा आहे, अष्टशील पाळलेय, दुपारनंतर पोटात काही नाही. कुणी म्हणाले, गर्दीने कोंदट झालेय. आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्या, वर्षानुवर्षे वॉर्डात ड्युटी केलेल्या. पण आमच्याही मनात पहिल्यांदा रक्तक्षयच आला. बोटाला ऑक्सिमीटर लावला. ९८ दाखवले. आम्ही निर्धास्त झालो.

चूक तिथेच झाली. तिघींना एकाच वेळी, एकाच जागी, एकसारखाच त्रास होतोय हे लक्षात यायला आणखी दहा मिनिटे गेली. मग दारे-खिडक्या उघडल्या, मशीन बंद केले, सगळ्यांना पावसात बाहेर काढले आणि त्या ताईंना व आजींना रुग्णालयात नेले. दोघी बऱ्या झाल्या. आणखी तासभर वाचन चालले असते तर काय झाले असते, हा विचार आम्हाला अजून सोडत नाही.

पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. ‘धुराचा वास येत नाही, म्हणजे काळजी नाही’ हा समज म्हणूनच घातक आहे. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते. पण या वायूला ते ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरते. वायूने जागा अडवली की ऑक्सिजनला जागा उरत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, अंगातले त्राण जाते. मग माणूस गोंधळतो, झोपाळतो. झोपलेला माणूस तर जागाच होत नाही.

साधा ऑक्सिमीटर इथे फसवतो. ऑक्सिजन धरलेले रक्त आणि हा वायू धरलेले रक्त यांतला फरक त्याला कळत नाही. माणूस गुदमरत असतो आणि यंत्र आकडा चांगला दाखवते. कोरोनानंतर घरोघरी हे यंत्र आले आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो आहोत.

आपल्या बायकांमध्ये रक्तक्षय किती आहे हे आमच्या प्रत्येक शिबिरात दिसते. ज्यांचे हिमोग्लोबिन मुळातच कमी, त्यांना हा वायू लवकर गाठतो. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला तर आईपेक्षाही जास्त धोका असतो. लहान मुले, म्हातारी माणसे, हृदयाचे आणि दम्याचे रुग्ण यांचेही तसेच. म्हणजे वाचनाला जे सगळ्यात निष्ठेने येतात, त्यांनाच सगळ्यात जास्त धोका.

‘वीस वर्षे असेच ठेवतो, काही झाले नाही,’ असे कमिटीतले दादा सांगतात. त्यांना आम्ही विचारतो, वाचनानंतर किती जणींचे डोके दुखले, कुणी कधी नोंदवले का? ‘खिडकी उघडी ठेवतो, पंखा लावतो,’ असेही सांगतात. ते पुरत नाही. वारा फिरला की उघड्या खिडकीतूनच धूर आत येतो. ‘आमचा डिझेलचा आहे,’ हेही उत्तर नाही. डिझेलच्या धुरात हा वायू कमी असतो, पण बंद जागेत तोही धूर जीवघेणाच.

मग करायचे काय? जनरेटर विहाराच्या दारा-खिडक्यांपासून किमान वीस फूट दूर, मोकळ्यावर ठेवा. सायलेन्सरचे तोंड माणसांच्या आणि शेजारच्या घरांच्या विरुद्ध दिशेला करा. आपल्या वस्तीत भिंतीला भिंत लागून असते. आपला धूर शेजारच्या झोपडीत जात असेल तर ती जागा चुकीची आहे. वीस फूट मोकळी जागाच नसेल तर जनरेटर नको; तेवढ्याच पैशात बॅटरीचा इन्व्हर्टर किंवा चार्जिंगचे दिवे घ्या. पावसासाठी चारी बाजूंनी उघडे असलेले पत्र्याचे छप्पर करा, खाली विटांचा कोरडा ओटा घाला. ताडपत्रीने मशीन गुंडाळू नका. ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर उभे राहून हात लावू नका. चोरीची भीती असेल तर साखळी आणि कुलूप लावा. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो. तो आत बसवावा, पण अलार्म आहे म्हणून मशीन आत आणू नये.

पेट्रोल चालू मशीनमध्ये ओतू नका. बंद करा, पंधरा-वीस मिनिटे थंड होऊ द्या, मग विजेरीच्या उजेडात भरा. पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ज्योतीवरही पेट घेते. विहारात मेणबत्त्या लावलेल्या असतात हे विसरू नका. पेट्रोल पाण्याच्या बाटलीत किंवा विहाराच्या कपाटात ठेवायचे नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेक ठिकाणी दिसते. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर जनरेटरमधून काढून भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचतात आणि सगळे विहार उजळते. ही वीज विहारापुरती राहत नाही. ती उलटी खांबावर जाते, रोहित्रातून हजारो व्होल्टची होऊ शकते. तिकडे तार बंद आहे असे समजून कुणी लाईनमन पावसात खांबावर चढलेला असतो. त्याला आपण कधी पाहिलेलेही नसते. परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच आणि अर्थिंग करून घ्या. तोवर दिवे थेट जनरेटरलाच जोडा.

जयंतीच्या मिरवणुकीतल्या भाड्याच्या मोठ्या मशीनजवळ एक मुलगा बसवलेला असतो. पट्ट्याचे मशीन उघडे, शेजारून पदर, ओढण्या, मोकळे केस जातात. तो मुलगा रात्री त्याच टेम्पोत, त्याच धुरात झोपतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्यांच्या जयंतीला राबणारा मजूर धुरात झोपत असेल तर आपण काय साजरे केले? पट्ट्यावर जाळी आहे का ते पाहा, त्याला झोपायला दुसरी जागा द्या, जेवायला बोलवा.

आणि कुणाला त्रास झालाच तर? एकाच जागी दोघा-तिघांचे डोके दुखू लागले की कारण शोधत बसू नका, सगळ्यांना आधी मोकळ्या हवेत काढा. कुणी बेशुद्ध असेल तर आत धावत जाऊन स्वतः पडू नका; बाहेरून दार-खिडक्या उघडा, मशीन बंद करा, मग काढा. श्वास थांबला असेल आणि येत असेल तर छाती दाबणे, तोंडाने श्वास देणे सुरू करा. कांदा, लिंबू, पाणी यांत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि ‘जनरेटरच्या धुरात होते’ हे शब्द डॉक्टरांना सांगा. हेच सांगायचे राहते आणि उपचार चुकतो. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने पूर्ण ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. बरे वाटले तरी गरोदर बाईला दाखवायचेच. विसरभोळेपणा, चिडचिड, चालताना तोल जाणे ही लक्षणे काही आठवड्यांनीही येऊ शकतात. तेव्हा पुन्हा डॉक्टरांकडे जा.

प्रत्येक विहार कमिटीने पुढच्या बैठकीत एक ठराव प्रोसिडिंग बुकात लिहून घ्यावा : जनरेटर कुठे ठेवायचा आणि त्याची जबाबदारी कोणाची, नावासह. त्या जबाबदारीवर महिला मंडळातली एक ताई असावी. दोरी ओढणारे बहुतेक पुरुष असतात. आत बसून धूर घेणाऱ्या आपण असतो. ‘दादा, आधी मशीन बाहेर, मग वाचन,’ एवढे म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही.