कोरी तबकडी आणि घरचा ठेवा

पुणें-सातारा रस्त्यावरून भोरकडे व सासवडकडे जेथें वाटा फुटतात, तेथें आपलें कापूरहोळ वसलें आहे. इतिहासांत या गांवाचें नांव राहिलें तें धाराऊमुळें. इ. स. १६५७ मध्यें पुरंदरावर जन्मलेल्या संभाजीराजांस दूध पाजणारी ही गाडे घराण्यांतील माउली येथलीच. तिचें नांव आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु बाळराजांस निजवितांना तिनें कोणती ओवी गाइली, तिचा स्वर कसा होता, हें आतां कोणासही सांगतां येणार नाहीं.

आपल्या घरांतील वडील माणसांच्या बाबतींत असें होऊं द्यावयाचें कीं नाहीं, हें मात्र आपल्या हातीं आहे. गिरण्या आल्या आणि घरोघरचीं जातीं मुकीं झालीं. त्या वेळीं गी पॉइटवाँ व हेमा राईरकर यांनीं गांवोगांवच्या बायकांकडून जात्यावरील ओव्या उतरून घेण्याचें काम चालविलें. त्या संग्रहांत एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, व १९९० नंतरच्या दशकांत बर्नार्ड बेल यांनीं त्यांपैकी पुष्कळ ओव्या गाणारणींच्या आवाजांत मुद्रित केल्या. परंतु प्रत्येक घराच्या ओटीवर असा संग्राहक येऊन बसेल, अशी आशा धरणें व्यर्थ होय. आजीच्या ओव्या, लग्नसमारंभाचें चित्रण, शाळेच्या संमेलनांतील नाटक, हा ठेवा ज्याचा त्यानेंच राखला पाहिजे. घरच्या घरीं डीव्हीडीवर तो उतरवून ठेवणें हा त्याचा एक सोपा मार्ग आहे. मात्र तो डोळसपणें अनुसरला पाहिजे, असें माझें मत आहे.

प्रथम तबकडीविषयीं. कोऱ्या तबकड्या दिसावयास सारख्याच असतात, परंतु त्यांचें मर्म आंत आहे. दोन पातळ चकत्यांच्या मधोमध रंगद्रव्याचा थर असतो व लेसर किरणाच्या उष्णतेनें त्यावर खुणा उमटतात. हलक्या मालांत हा थर सारखा पसरलेला नसतो. कांठाची जोडणी कच्ची असली तर ओल आंत शिरून मागील चकाकणारा थर बिघडतो. मावळांतील पावसाळा ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस याहून अधिक सांगणें नको. डीव्हीडी-आर व डीव्हीडी+आर या जातींवर एकदांच लिहितां येतें, म्हणून ठेव्यासाठीं त्याच घ्याव्या. आर-डब्ल्यू ही पुसून पुन्हां लिहिण्याची जात पाटीसारखी आहे. ती सरावास ठीक, दस्तऐवजास नव्हे. वेष्टनावर ४.७ गीगाबाइट लिहिलेलें असलें तरी संगणक तीच जागा ४.३८ दाखवितो, हा मोजण्याच्या रीतीचा भेद आहे, दुकानदाराची लबाडी नव्हे.

आतां चांगला माल शोधावा लागतो. नोएडा येथें कारखाने असलेली मोझर बेअर ही एके काळीं जगांतील मोठ्या तबकडी-उत्पादकांपैकीं एक होती. २०१८ सालीं ती मोडीत काढण्याचा हुकूम झाला. दुकानांतून कधीं कधीं वर्षानुवर्षें पडून राहिलेला साठा मिळतो. यास्तव स्वस्त म्हणून शंभरांची चळत घेण्यापेक्षां नामांकित दहा घ्याव्या व त्यांतील एक आधीं पारखून पाहावी.

आज्ञावलीची, म्हणजे सॉफ्टवेअरची, निवड करतांना पैशाकडे पाहण्याचें कारण नाहीं. इमेजबर्न व के-थ्री-बी फुकट मिळतात. तिला तीन प्रश्न विचारावे. लिहिण्याची गति कमी करतां येते काय? लिहून झाल्यावर मूळाशीं ताडून पाहतां येतें काय? तबकडी शेवटीं बंद करतां येते काय? हा ताडा कित्येक जण घाईनें टाळतात, आणि दोष कळतो तो मूळ पुसून टाकल्यावर. आणखी एक भेद ध्यानांत असावा. दूरदर्शनसंचाजवळच्या जुन्या यंत्रावर पाहावयाची तबकडी ‘व्हिडिओ’ पद्धतीची करावी लागते, व त्या रूपांतरांत चित्राचा कस उतरतो. म्हणून मूळ फाइल जशीच्या तशी दुसऱ्या तबकडीवर ठेवावी.

कोणी म्हणेल, सर्व कांहीं फोनमध्यें असतांना हा खटाटोप कशाला? फोन हरवतो, फुटतो, त्यांतील चित्रें चुकून पुसलीं जातात. एकदां लिहिलेली तबकडी तशी पुसली जात नाहीं. तथापि नव्या पुष्कळ संगणकांस तबकडीचा खणच नसतो, ही अडचण खरी आहे. म्हणून केवळ तबकडीवरही विसंबूं नये. ८ जानेवारी २००३ रोजीं पुण्यांत फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारांत आग लागून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिती जळाल्या. ज्यांच्या प्रती अन्यत्र होत्या, तेच चित्रपट वांचले. आपलीही एक प्रत घरीं, दुसरी मामाच्या घरीं व तिसरी निराळ्या साधनावर असावी. पोथी जीर्ण झाली कीं आपले पूर्वज तिची नक्कल करीत. तसें तबकडी दरवर्षीं लावून पाहावी व अडखळूं लागण्यापूर्वींच नवी करावी.

विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटींत हें काम हातीं घ्या. पालकांनीं तबकड्यांच्या खर्चास नाहीं म्हणूं नये. मात्र तबकडीवर कागद चिकटवूं नका. मऊ टोंकाच्या पेनानें गाणाऱ्याचें नांव, गांव व तारीख लिहा. नांवावांचून आजीचा आवाजही पुढें कोणा परक्याचाच वाटेल.