रॅमच्या पट्टीची खाच

परवा आमचा कॉम्प्युटर चालूच होईना. नुसतं बीप-बीप! दुरुस्तीवाले काका आले, वीज बंद करून त्यांनी रॅमची पट्टी काढली आणि खिशातून काढलं चक्क खोडरबर!

पट्टीच्या कडेला सोनेरी पिना दिसतात ना, त्यांवर खरंच सोन्याचा मुलामा असतो. सोनं गंजत नाही म्हणून! पण थर इतका पातळ, की जोरात घासलंत तर संपलाच. काका अगदी हलका हात फिरवत होते. (मी मात्र मऊ फडकंच वापरेन.)

डीडीआर-४ पट्टीला अशा २८८ पिना. सगळ्या एकदम आत दाबायच्या तर केवढा जोर लागेल! म्हणून तिची खालची कड मध्ये किंचित फुगीर असते. सगळ्या पिना एकाच क्षणी शिरत नाहीत. कड बघा हं, पटकन लक्षात येत नाही.

आणि खाच? ती बरोबर मधोमध नसते, म्हणून उलटी पट्टी बसतच नाही. २०२० साली ठरलेल्या डीडीआर-५ लाही पिना २८८च, लांबीही तेवढीच. पण खाच जराशी सरकवलेली. कारण दोघींची विजेची जोडणी वेगळी.

हे ठाऊक नसल्यामुळे आमचे बाबा पट्टी उलटी धरून दाबायला निघाले होते! काकांनी वेळीच हात धरला, पट्टी फिरवली. खट्! एकच बीप, आणि पडदा उजळला.