दुसरा कसला, बदलीचा पासपोर्ट!

गोव्यात पोर्तुगीज पासपोर्ट काढणाऱ्याला शिव्या घालणं फार सोपं आहे. ‘गुलामीची हौस’ एवढं टाइप केलं की देशभक्ती सिद्ध. पण हा पासपोर्ट काढणारा सहसा पोर्तुगालच्या प्रेमात नसतो. अनेकांना पोर्तुगीजचा एक शब्द येत नाही. ब्रेक्झिटच्या आधी हे लोक त्या पासपोर्टवर लिस्बनला नव्हे, इंग्लंडमध्ये साउथॉल आणि स्विंडनला गेले. गोदामांत पाळ्या केल्या, घरी पैसे पाठवले. विचारलं तर उत्तर एकच: मुलांसाठी.

19 डिसेंबर 1961 पूर्वी गोवा, दमण, दीव इथे जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपलं मानतो. लिस्बनमध्ये जन्माची नोंद झाली की हा हक्क मुलांकडे आणि नातवंडांकडे उतरतो. म्हणजे आजी तेरेखोल नदीपलीकडे पेडण्यात जन्मली असेल तर नातवाला अख्खा युरोप मोकळा. अलीकडे आरोंद्यात जन्मली असेल तर व्हिसाची रांग. यात कोणाचं कर्तृत्व नाही आणि कोणाची गद्दारीही नाही. मिळालेली संधी बापाने पोराला का देऊ नये?

जरूर द्यावी. पण एजंटाच्या जाहिरातीतला ‘दुसरा पासपोर्ट’ हा शब्द खोटा आहे. नागरिकत्व कायदा 1955, कलम 9: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंत की भारताचं संपलं. आपल्याला ‘आणखी एक’ मिळत नाही, ‘त्याऐवजी’ मिळतं. 2022 साली अशा ना तशा वाटेने 2,25,620 जणांनी भारतीय नागरिकत्व सोडलं. हा सरकारनेच संसदेत दिलेला आकडा आहे.

मग ओसीआय कार्ड आहे ना? आहे. त्यावर राहता येतं, नोकरी करता येते. मतदान करता येत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही. 2021च्या अधिसूचनेनंतर पत्रकारिता किंवा संशोधन करायचं तर खास परवानगी लागते. आणि ‘नीट’ देऊन डॉक्टर व्हायचं असेल, तर एनआरआय किंवा त्यासारख्या राखीव जागांवरच प्रवेश. म्हणजे म्हापशात जन्मलेली, म्हापशातच शिकलेली मुलगी घराजवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या सर्वसाधारण जागेसाठी परकी. पर्याय वाढवायला निघालेल्या आईबापांनी तिचा एक पर्याय कापला, तोही तिला न विचारता.

यात दोष आईबापांचा कमी, कायद्याचा जास्त. गोव्यात डोंगर कापले जातात, जमिनींचे झोन बदलतात, त्यावर सगळ्यात जास्त चिडलेल्यांपैकी कितीतरी जण आज मतदारयादीत नाहीत. चिडलेला माणूस यादीतून गेला तर त्रास कोणाला होतो? सत्तेत बसलेल्यांना तर नक्कीच नाही.

‘दोन देशांशी निष्ठा कशी ठेवणार?’ हा नेहमीचा प्रश्न. मंत्रिपद, सैन्य, गोपनीय खाती यांना दुहेरी नागरिक नको, मान्य. पण आठ वर्षांच्या पोराच्या निष्ठेची कसली परीक्षा घेता? शिवाय आपलाच कायदा एके ठिकाणी शहाणपणाने वागतो. परदेशात भारतीय पालकांच्या पोटी जन्मलेलं, वकिलातीत रीतसर नोंदवलेलं मूल जन्मामुळे तिथलंही नागरिक असेल, तर त्याने अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत निवड करायची असते. तोवर दोन्ही नागरिकत्वं चालतात. देश काही बुडत नाही.

मग हीच मुभा इथे वाढणाऱ्या मुलांना का नको? पालकांनी कुठलाही कागद काढू दे, मुलाचं भारतीयत्व ते सज्ञान होईपर्यंत अबाधित राहावं. नंतर त्याचं त्याने ठरवावं, त्यासाठी दोन-तीन वर्षं द्यावीत. राज्यघटना बदलण्याची गरज नाही. नागरिकत्वाचा कायदा करायचा अधिकार कलम 11ने संसदेला दिलेलाच आहे.

तोवर पासपोर्ट काढणाऱ्यांना गद्दार म्हणणं थांबवा. आणि काढणाऱ्यांनो, ‘मुलांसाठी’ म्हणताना मुलांचं काय जातंय याची यादीही एकदा करा. एजंट ती करून देणार नाही.