माळ्यावरचे भांडवल



2024 सालच्या वर्षावासातली ही गोष्ट आहे. आमची चाळ पुनर्विकासात जाणार होती आणि दिवाळीपर्यंत खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. 160 चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्यांचा संसार मावतो कसा, हे खोली रिकामी करतानाच कळते. कोणाच्या माळ्यावरून पाळणा निघाला, कोणाच्या माळ्यावरून आजोबांची गिरणीतली डब्याची पिशवी. माझ्या चुलत दादाच्या माळ्यावरून मात्र पोत्यांत, खोक्यांत आणि जुन्या लुगड्यांत बांधलेली 73 व्हिडिओ गेमची यंत्रे निघाली. टीव्हीला जोडायची, कॅसेट घालायची आणि खेळायचे, ती यंत्रे. कॅसेटी आणि सीडींचे ढीग वेगळेच.

भंगारवाल्याला बोलावले. त्याने पोती हाताने उचलून पाहिली आणि सगळ्याचे मिळून चार हजार सांगितले. दादा ‘घेऊन जा’ म्हणणार, तेवढ्यात माझी पुतणी आडवी आली. ती इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते. म्हणाली, “पप्पा, लोक ही जुनी मशिनं शोधत फिरतात. दोन महिने द्या. काका, तुम्ही वही घाला.”

मी कारकून माणूस. वही घालणे हाच माझा धंदा. दुसऱ्या दिवशी लाल पुठ्ठ्याची वही आणली आणि पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरांत लिहिले : ‘दादाचा संग्रह’. हे शीर्षक चुकले होते. पण ते कळायला सहा आठवडे गेले.

आता थोडे मागे जातो. 1996 साली दादाने एक लहानसा गाळा भाड्याने घेऊन चार यंत्रांवर व्हिडिओ गेम पार्लर सुरू केले. अर्ध्या तासाला तीन रुपये. मारिओ, कॉन्ट्रा, मोटारींच्या शर्यती. पोरांची झुंबड उडे. पुढे सेगा आली, मग सोनीचे प्लेस्टेशन आले. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून दादा स्वतःच दुरुस्ती करायचा. 2002 साली मी बी. कॉम. झालो होतो, युवक मंडळाचा चिटणीस होतो आणि समाज एका वर्षात सुधारावा अशी माझी घाई होती. मुले शाळा बुडवून पार्लरमध्ये बसतात, घरातले पैसे चोरतात, असा अर्ज मी लिहिला. त्यावर 41 सह्या घेतल्या आणि गाळ्याच्या मालकाला नेऊन दिला. मालकाने गाळा परत घेतला.

अर्जातला शब्द न् शब्द खरा होता. मुले खरोखरच शाळा बुडवत होती. पण अर्जात न लिहिलेलेही काही खरे होते. त्याच गाळ्यात मागच्या बाजूला तीन मुले दादाकडून डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला, शिकत होती. त्यातला एक आज लिफ्टच्या देखभालीचे काम करतो, दुसऱ्याचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. दादाला एका शब्दानेही न विचारता मी अर्ज दिला. त्यानंतरही प्रत्येक 14 एप्रिलला मंडळाच्या रोषणाईची वायर दादाच ओढत आला. मला कधी काही बोलला नाही.

दुकान गेले, यंत्रे माळ्यावर गेली. दादा सुरक्षारक्षकाची नोकरी करू लागला आणि रात्री घरी दुरुस्ती. मोबाइल आणि कॉम्प्युटर आल्यावर ठिकठिकाणची पार्लरे बंद पडू लागली, तेव्हा त्यांची बिघडलेली यंत्रे तो स्वस्तात उचलू लागला. “सुटे भाग कामाला येतील,” असे म्हणायचा. अशी चाराची 73 झाली. त्याला संग्रह म्हणतात हे दादाला पुतणीकडूनच कळले.

मग रोज रात्री जेवणे आटोपली की कामाला बसायचे. पुतणीने तीन ढीग केले : चालू, दुरुस्त होण्याजोगे, आणि फक्त सुट्या भागांसाठी. लहानपणी कॅसेट चालली नाही की आपण तिच्यात फुंकर मारत असू. पुतणी म्हणाली, त्या फुंकरीतल्या ओलाव्यानेच धातूची टोके गंजतात. औषधाच्या दुकानातले आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून तिने एकेक कॅसेट पुसली. मेलेल्या वाटणाऱ्या कितीतरी कॅसेटी जिवंत झाल्या. लिफ्टवाला मुलगा दोन रविवार येऊन डाग देऊन गेला. पैसे घेतले नाहीत.

किमतीच्या बाबतीत तिने चांगला धडा दिला. लोक किती मागतात ते पाहायचे नाही, वस्तू शेवटी कितीला गेली ते पाहायचे. मागितलेली किंमत ही इच्छा असते, मिळालेली किंमत हा बाजार असतो. आम्हा बी. कॉम.वाल्यांना हे पुस्तकात शिकवतात, पण घरच्या वस्तूवर आले की विसरायला होते.

दोन अडचणी आल्या आणि दोन्ही ठिकाणी पंचशीलच उपयोगी पडले. पहिली अडचण अशी, की चार यंत्रांना दोऱ्याने चिठ्ठ्या बांधलेल्या होत्या : नाव, तारीख, ‘आवाज येत नाही’. दुरुस्तीला दिलेली आणि परत कोणी न नेलेली. वीस वर्षे झाली, आता कोण विचारतो? पण न दिलेली वस्तू घेऊ नये हे दुसरे शील आपण दर रविवारी म्हणतो. चौकशी केली. दोन मालक सापडले. एकाने ‘ठेवा तुम्हीच’ म्हणून सांगितले, दुसरा डोंबिवलीहून येऊन आपले यंत्र घेऊन गेला आणि 2001 सालच्या दुरुस्तीचे साठ रुपये वहिनींच्या हातावर ठेवून गेला. उरलेल्या दोघांचा ठिकाणा लागला नाही. ती यंत्रे विकली आणि त्यांची नोंद वहीत वेगळ्या पानावर ठेवली आहे.

दुसरी अडचण खरे बोलण्याची. दादाकडची छोटी यंत्रे 31, आणि त्या सगळ्या नकला. निन्टेन्डो कंपनीने 1983 साली जपानमध्ये ‘फॅमिली कॉम्प्युटर’ आणला, त्याच्या नकला आपल्या बाजारात वेगवेगळ्या नावांनी मिळत. नक्कल म्हटले की भाव पडतो. दादा म्हणाला, “विचारलं तर सांगू.” पुतणी म्हणाली, “नाही पप्पा, आधीच लिहू.” तिने प्रत्येकावर कागद चिकटवला : नक्कल, चालू, उजवे बटण कडक. भाव थोडा पडला, पण एकही वस्तू परत आली नाही. शिवाय एक गिऱ्हाईक दुसऱ्याला घेऊन आले.

गिऱ्हाइके बहुतेक तिशी-चाळिशीची. ठाण्याहून, पुण्याहून, एक तर नाशिकहून आला. पस्तिशीचा तो माणूस मारिओचे संगीत सुरू होताच जमिनीवर मांडी घालून बसला आणि अर्धा तास उठला नाही. वहिनींनी त्याला चहा दिला. एकाला पिस्तुलाचा खेळ हवा होता, पण सपाट टीव्हीवर पिस्तूल काही नेम घेईना. ते जुन्या डबा टीव्हीच्या पडद्यावरच चालते, कारण त्या पडद्यावरचा उजेड जसा आणि ज्या क्षणी उमटतो त्यावर त्याचा नेम बेतलेला असतो. शेवटी दादाचा जुना टीव्हीही पिस्तुलाबरोबर गेला.

यंत्रांची माहिती काढता काढता पुतणीने एके रात्री मला जेरी लॉसन यांची हकिकत सांगितली. ती तुम्हालाही सांगितली पाहिजे. लॉसन हे अमेरिकेतले कृष्णवर्णीय अभियंते. जन्म 1940, न्यूयॉर्क. वडील गोदी कामगार. शाळेत पहिलीच्या शिक्षिकेने त्यांच्या बाकाशेजारी जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे चित्र लावले होते आणि तूही असा होऊ शकतोस, असे सांगितले होते. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे कार्व्हर आपल्या घराघरात पोचले आहेत, पण त्या चित्राखाली बसलेला हा मुलगा आपल्याला ठाऊक नाही. 1976 साली फेअरचाइल्ड कंपनीने खेळ साठवलेल्या कॅसेटी बदलून खेळायचे पहिले घरगुती यंत्र बाजारात आणले, त्या कामाचे प्रमुख लॉसन होते. त्याआधी यंत्रात जे खेळ बसवलेले असत तेवढेच. अटारीचे प्रसिद्ध यंत्र त्यानंतर, 1977 मध्ये आले. अटारीचे नाव जगाला माहीत झाले. लॉसन यांचा सत्कार खेळ बनवणाऱ्यांच्या संघटनेने केला तो मार्च 2011 मध्ये, आणि 9 एप्रिल 2011 रोजी ते वारले.

“काका,” पुतणी म्हणाली, “ह्या प्रत्येक कॅसेटमध्ये त्यांचं काम आहे, आणि नाव एकीवरही नाही.”

मी मान डोलावली. दुसऱ्याच्या वहीतली चूक आपल्याला लगेच दिसते.

सप्टेंबरमधल्या एका रविवारी विहारात सिगालोवाद सुत्त वाचले गेले. गृहस्थाने आईवडिलांशी, पत्नीशी, मित्रांशी, कामगारांशी कसे वागावे हे तथागतांनी सिगालाला सांगितले आहे. पतीच्या कर्तव्यांत पत्नीचा मान राखणे आहे, घरातला अधिकार तिच्या हाती देणे आहे आणि तिला अलंकार देणेही आहे. त्याच रात्री मी वहीची जमेची बाजू पूर्ण केली आणि खर्चाच्या बाजूला पावत्या जोडायला बसलो. पावतीशिवाय नोंद नाही, ही माझी जुनी सवय. दादाने पत्र्याची पेटी पुढे सरकवली. तीत गाळ्याच्या भाड्याच्या पावत्या होत्या, माझ्या 2002 सालच्या अर्जाची प्रत होती आणि तिच्याखाली एक पिवळी पडलेली गहाणाची पावती : बोरमाळ, वजन दोन तोळे, रक्कम रुपये 7,000, सन 1996.

“ही बोरमाळ कोणाची?” मी विचारले.

दादा गप्प राहिला. वहिनी भांडी पुसत होत्या. त्यांनी वळून पाहिले नाही. म्हणाल्या, “माझ्या आईची, भाऊजी. तिनं बांधकामावर पाट्या वाहून केली होती. सोडवायची राहून गेली.”

अर्ज पाहून मान खाली गेलीच होती. पावती पाहून आणखी खाली गेली. दुकान बंद पडले नसते तर बोरमाळ सुटली असती की नाही, मी सांगू शकत नाही. पण 41 सह्या घेताना वहिनींना कोणी विचारले नव्हते, एवढे खरे.

हिशेब पुरा केला. 71 यंत्रे व त्यांचे खोके 1,19,400 रुपये, कॅसेटी व सीडी 18,600 रुपये. एकूण 1,38,000. चार हजार कुठे आणि हे कुठे! दादाचा चेहरा उजळला. मग मी दुसऱ्या पानावर एक आकडेमोड केली. 1996 साली सोने तोळ्याला पाच हजारांच्या आसपास होते. 2024 च्या सप्टेंबरात ते सत्तर हजारांच्या वर होते. म्हणजे दोन तोळ्यांचे 1,40,000 रुपयांहून अधिक. अठ्ठावीस वर्षांची राखण, दादाच्या रात्रीच्या जागरणाची मेहनत, सगळे विकूनही वहिनींचे मूळ भांडवल पुरते परत येत नव्हते. नफ्याचा प्रश्नच नव्हता.

बाबासाहेब अर्थशास्त्राचे पंडित होते. स्त्रीला मालमत्तेत हक्क देणाऱ्या हिंदू कोड बिलाचा प्रश्न रखडला, तेव्हा 1951 साली त्यांनी मंत्रिपद सोडले. आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, आणि आपल्याच वहीत पत्नीच्या भांडवलाची नोंद नसते. माझ्या घरीही नव्हती. त्या रात्री घरी जाऊन मी पत्नीला विचारले, आपल्या पहिल्या शिलाई मशिनचे पैसे कोणी दिले होते? ती हसली. उत्तर तिला विचारायच्या आधीच मला ठाऊक होते.

दादाला सगळी रक्कम भाड्याच्या घराच्या डिपॉझिटला हवी होती. त्यावर दोन दिवस घरात बोलाचाली झाली, ते लपवत नाही. शेवटी वहिनींनीच ठरवले. 38,000 डिपॉझिटला आणि सामान हलवायला. एक लाख त्यांच्या स्वतःच्या नावे पोस्टात, महिला सन्मान बचतपत्रात. साडेसात टक्के व्याज, दोन वर्षांनी 1,16,022 रुपये. (31 मार्च 2025 नंतर त्या योजनेत नवे खाते उघडता येत नाही. पण पोस्टाच्या बाकीच्या ठेवी आहेत, चौकशी करावी.)

घरातले जुने सामान विकणाऱ्यांसाठी दोन शब्द. पैसे घेण्यासाठी मोबाइलवर पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘हा कोड स्कॅन करा, पैसे जमा होतील’ म्हणणारा चोर समजावा. आमच्याकडे असे दोघे येऊन गेले. आणि निरुपयोगी पट्ट्या नि तारा तांब्यासाठी जाळू नयेत. तो धूर विषारी असतो आणि तो आपल्याच पोरांच्या छातीत जातो. ई-कचरा घेणाऱ्या मान्यताप्राप्त केंद्राकडे द्यावे.

एक यंत्र मात्र विकले नाही. बोरमाळेच्या पैशांतून आलेल्या पहिल्या चारांपैकी ते एकच चालू राहिले होते. वहिनी म्हणाल्या, “हे राहू द्या.” नव्या भाड्याच्या घरात टीव्हीखाली ते आहे. वहिनींना खेळता येत नाही. नात खेळते, त्या बघतात.

आणि वही माझ्याकडे आहे. पहिल्या पानावरचे ‘दादाचा संग्रह’ मी खोडले. खाली वहिनींचे नाव, त्यांच्या आईचे नाव आणि ‘भांडवल : बोरमाळ, दोन तोळे’ असे लिहिले. त्याखाली दादाने स्वतःच्या हाताने ‘मेहनत’ लिहून आपले नाव घातले, आणि त्या तीन मुलांचीही नावे घातली.

जयभीम.