पाणी शुद्ध करणारा जेल : बातमी खरी, पण आधी पाण्याची तपासणी

उजनीचे पाणी बोगद्यातून सीना-कोळेगाव धरणात आणायचे आणि तिथून उपसा करून परंडा, भूम, वाशी, कळंब भागाला द्यायचे, असे कृष्णा-मराठवाडा सिंचन योजनेत ठरलेले आहे. पहिल्या टप्प्यात ७ टीएमसी पाणी मराठवाड्यासाठी धरले आहे. आपल्या तालुक्यात पारावर चार माणसं बसली की पाणी कधी येणार आणि किती येणार, एवढ्यावरच बोलणं होतं. पाणी कसं असणार, हे मात्र फार थोडे जण विचारतात.

उजनीच्या वरच्या अंगाला पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही मोठी शहरे आहेत. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या नद्या तिकडचे सांडपाणी घेऊन शेवटी भीमेला मिळतात आणि भीमा उजनीत येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे दाखवले आहेत. त्यापैकी ५५ एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. त्यात भीमाही आहे. उन्हाळ्यात उजनीचे पाणी हिरवे पडते ते सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर शेवाळ पोसल्यामुळे. आपण पिकाला युरिया, डीएपी टाकतो, तसाच हा शेवाळाला मिळालेला खुराक. हे पाणी ठिबकला लावले की आधी फिल्टर तुंबतात, मग ड्रिपर. ही शेतीपुरती गोष्ट झाली. पिण्यासाठी वापरायचे तर प्रश्न याहून मोठा आहे.

अशा वेळी 'पेप्टाइड जेलने दूषित पाणी शुद्ध होते' अशी बातमी कानावर आली की माणसाला आशा वाटते. बातमी खोटी नाही. पण तिचा उपयोग कुठे आहे आणि कुठे नाही, हे नीट समजून घ्यायला हवे.

हा जेल म्हणजे काय?

जेल म्हणजे तुरुंग नव्हे, हे आधी सांगितलेलं बरं! सब्जाचे बी पाण्यात टाकले की त्याभोवती बुळबुळीत थर धरतो, तसला हा पदार्थ. थोडक्या मालात भरपूर पाणी धरून ठेवणारा. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची लहान साखळी. हीच साखळी लांब झाली की प्रथिन होते, जे आपण डाळीतून खातो. काही पेप्टाइड पाण्यात विरघळवले की त्यांचे रेणू आपोआप एकमेकांना चिकटून बारीक तंतू होतात. तंतूंची जाळी विणली जाते आणि पाणी घट्ट होते. या तंतूंवर विद्युतभार असतो. विरुद्ध भाराचा रंग किंवा शिसे, कॅडमियम यांसारखा धातू जवळ आला की तो तिथेच चिकटून राहतो. या अर्थाने विषाला तुरुंगात टाकणारा, म्हणून नाव शोभते खरे.

कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तीन अमिनो आम्लांच्या साखळीपासून असा जेल केला आणि त्याने सांडपाण्यातले रंग काढता येतात, हे २००९ साली प्रसिद्ध केले. पुढे अनेक देशांत यावर काम झाले. जेल कुजून मातीत जिरू शकतो आणि काही प्रकार धुऊन परत वापरता येतात, हे त्याचे गुण.

इथे एक खुलासा. जमिनीत ओल टिकावी म्हणून शेतकरी जे हायड्रोजेल टाकतात, ते वेगळे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे पुसा हायड्रोजेल त्यातलेच. ते पाणी धरते, शुद्ध करत नाही. कृषी सेवा केंद्रात मिळणारे अमिनो ॲसिडचे टॉनिकही वेगळे. नावात साम्य आहे म्हणून कोणी काही गळ्यात मारू नये.

शेवग्याच्या बियांतही हेच तत्त्व

प्रथिनाने पाणी नितळ होते, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. शेवग्याच्या बियांमध्ये धनभार असलेले लहान प्रथिन असते. गढूळ पाण्यातल्या मातीच्या कणांवर ऋणभार असतो. दोघे चिकटले की कण जड होऊन तळाला बसतात. तुरटीचे कामही साधारण असेच चालते. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात हे प्रथिन वाळूवर बसवून पाणी गाळण्याचा प्रयोग झाला आणि तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. मात्र शेवग्याच्या बियांनी गढूळपणा जातो, पाणी पिण्यालायक होतेच असे नाही. बियांचा उरलेला अंश पाण्यात राहतो आणि त्यावर जंतू पुन्हा वाढतात. म्हणून नंतर उकळणे किंवा टीसीएल टाकणे सुटत नाही.

गावच्या टाकीत का चालणार नाही?

पहिली अडचण किमतीची. प्रयोगशाळेतले पेप्टाइड ग्रॅमच्या भावाने मिळतात. गावच्या टाकीला रोज हजारो लिटर पाणी लागते.

दुसरी अडचण आपल्या पाण्याची. काळ्या दगडातून झिरपलेल्या पाण्यात चुना आणि मॅग्नेशियम असते. पाणी जड असले की जेलवरच्या जागा हेच क्षार अडवून बसतात आणि विषारी धातूला जागा कमी उरते.

तिसरी अडचण, गावात बऱ्याचदा त्रास असतो तो जंतूंचा आणि नायट्रेटचा. रंग आणि धातू पकडण्यासाठी केलेला जेल त्याला उपयोगी पडेलच असे नाही. शिवाय पेप्टाइड हे जंतूंचे खाद्यही आहे.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जेल विष नाहीसे करत नाही, फक्त पाण्यातून काढून स्वतःत साठवतो. तो भरलेला जेल उकिरड्यावर टाकला तर पावसाबरोबर विष परत विहिरीत येणार.

मग याची खरी जागा कुठे? सोलापूर, इचलकरंजीसारख्या गावांतल्या रंगशाळेच्या नळापाशी, धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यावर. तिथे पाणी थोडे असते, विष कोणते ते माहीत असते आणि ते दाट असते. उगमाशी पकडले तर थोडक्यात काम होते. एकदा तेच पाणी नदीतून ११७ टीएमसीच्या उजनीत पसरले, की कुठलाही जेल त्याला पुरा पडणार नाही.

आपण काय करावे?

कुठलाही फिल्टर, पावडर किंवा जेल घेण्याआधी आपल्या पाण्यात काय दोष आहे ते कळले पाहिजे. रोग ओळखल्याशिवाय औषध फवारू नका, असे आपण पिकाला सांगतो, तेच इथे.

जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. तपासणीची पेटी कपाटात पडून असेल तर ती बाहेर काढावी. पेटीत शंका आली तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवावा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावे. फ्लोराईड १ मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत चालते. शिसे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर नको. नायट्रेट जास्त असेल तर पाणी उकळून उपयोग नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. अशा पाण्यात तान्ह्या बाळाचे दूध कालवू नये.

टीसीएल पावडर कोरड्या जागी, घट्ट झाकून ठेवावी. उघड्या पोत्यातला क्लोरीन उडून जातो आणि मग टाकीत नुसता चुना पडतो. विहिरीच्या कडेचे शेणखताचे ढीग व शोषखड्डे लांब न्यावेत. स्रोतांच्या पाहणीत गावाला लाल किंवा पिवळे कार्ड मिळाले असेल तर ते कशामुळे, हे सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ग्रामसभेत वाचून दाखवावे.

आणि उजनीच्या पाण्याबद्दल एक मागणी आतापासून करायला हवी. पाण्याच्या वाट्याबरोबर त्याच्या तपासणीचा अहवालही दर महिन्याला गावाला मिळाला पाहिजे. वरच्या शहरांनी आपले सांडपाणी आपल्या हद्दीतच शुद्ध करावे, हे आपण खालच्या लोकांनी ठणकावून सांगितले पाहिजे. इतकी वर्षे आपण किती टीएमसी एवढेच विचारत आलो. इथून पुढे पाणी कसले, हेही विचारायचे.